आठवड्याचे दोन तास कुणाला द्याल?

‘काहीतरी चांगलं काम करायचं मनात आहे, पण सुरुवात कुठून करू?’ हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारला जातो, स्टेशन रोडवर चहा पिताना विचारला जातो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तर येतोच येतो. विचारणाऱ्यांत नुकतेच निवृत्त झालेले ग्रामसेवक असतात, मुलं पुण्याला गेल्यामुळे घर ओकंबोकं झालेल्या ताई असतात आणि अभ्यासिकेत तिसऱ्या वर्षी खुर्ची गरम करणारे तरुणही असतात. बरेच जण आवाज थोडा खाली आणून आणखी एक विचारतात, ‘आणि त्यातून आपल्याला काय?’

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. उत्तराआधी एक आठवण करून देतो. सेवा परभणीला कुणी शिकवायला नको. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी पंढरीच्या वाटेवर आपल्या जिल्ह्यातून जाते, तेव्हा चहाचं पातेलं कुणी मांडायचं, वारकऱ्यांच्या चपला कुणी शिवायच्या, पाय कुणी चेपायचे याची बैठक लागत नाही. तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसातही गर्दी सांभाळायला माणसं आपणहून उभी राहतात. एका दिवसाची सेवा आपल्या अंगात आहे. घोडं अडतं ते नेमापाशी. दर शनिवारी दोन तास, त्याच ठिकाणी, त्याच कामाला, पाऊस असो की पाहुणे, हे आपल्याला जड जातं. खरा फायदा मात्र या नेमातच आहे, तुम्हालाही आणि समोरच्यालाही. म्हणून हा लेख आठवड्याच्या दोन तासांपुरताच आहे.

‘मला काय मिळेल?’ हे विचारायला लाजू नका

अमेरिकेत पन्नाशी ओलांडलेल्या सुमारे 13 हजार लोकांचा अभ्यास 2020 साली प्रसिद्ध झाला. वर्षाला किमान 100 तास, म्हणजे आठवड्याला साधारण दोन तास, स्वयंसेवा करणाऱ्यांत पुढच्या काही वर्षांतला मृत्यूचा धोका आणि हालचालींवर येणाऱ्या मर्यादा कमी आढळल्या. मुळात धडधाकट माणसंच अशा कामाला बाहेर पडतात, ही शंका तुमच्या मनात आली असेल. ती अभ्यासकांनाही आली होती आणि त्यांनी तिचा हिशेब धरला होता. तरी मी एवढंच म्हणेन की हे गोळीसारखं औषध नाही.

इथे पाहिलेलं सांगतो. निवृत्त माणसाला सकाळी दाढी करायला एक कारण मिळतं. ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण ज्यांच्या घरात ‘बाबा दिवसभर टीव्हीसमोर’ ही तक्रार आहे त्यांना ते क्षुल्लक वाटणार नाही. वर्षानुवर्षं ‘अमक्याची आई’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बाईला पोरं ‘मॅडम’ म्हणू लागली की तिची चालसुद्धा बदलते. स्पर्धा परीक्षावाल्या मुलांचा तर दुहेरी लाभ आहे. दिवसातून बारा तास पुस्तकाशी बोलणाऱ्याचं माणसाशी बोलणं अडखळायला लागतं आणि मुलाखतीत नेमकं तेच उघडं पडतं. आठवड्याला दोन तास रुग्णालयात किंवा शाळेत काढलेल्या मुलाला ‘तुमच्या जिल्ह्याच्या समस्या सांगा’ या प्रश्नाला गाईड पाठ करावं लागत नाही.

मिळणार नाही तेही सांगून टाकतो. ही नोकरीची मागच्या दाराची रांग नव्हे. दिलेल्या वेळेवर आयकरात सवलत नसते, ती मान्यताप्राप्त संस्थेला दिलेल्या देणगीवर मिळू शकते. आणि दर वेळी कुणी आभार मानेल ही अपेक्षा घरीच ठेवून निघा.

आधी स्वतःचा हिशेब मांडा

एका कागदावर चार ओळी लिहा:

- आठवड्यातले कोणते दोन तास खरोखर मोकळे आहेत? ‘जमेल तसं’ हे उत्तर बाद.
- घरापासून किती लांब जाणं परवडेल? ऑटोचं किंवा पेट्रोलचं महिन्याचं गणित करा.
- तुम्हाला काय येतं? अर्ज लिहिणं, हिशेब, शिलाई, मोटार दुरुस्ती, उर्दू वाचणं, शांतपणे ऐकणं, सगळं चालतं.
- काय झेपत नाही? रक्त पाहून भोवळ येत असेल तर रुग्णालय नको. घरात नुकतंच दुःख झालं असेल तर दुसऱ्यांची दुःखं ऐकण्याचं काम तूर्त नको, झाडांना पाणी घालण्याचं चालेल.

माझी पहिली फजिती इथेच झाली. उत्साहाच्या भरात मी एकाच महिन्यात चार ठिकाणी होकार दिला. सहाव्या आठवड्यात तीन सुटली. त्यांतल्या एका शाळेतली मुलं दोन शनिवार माझी वाट बघत बसली होती, हे मला शिपायाकडून कळलं. त्या मुलांना मी न जाताच एक धडा शिकवला होता, मोठ्या माणसाच्या शब्दाचा. तेव्हापासून माझा नियम आहे: पहिले तीन महिने एकच काम.

परभणी जिल्ह्यात कुठे हात लागतो

निरक्षरांना शिकवणं. मला विचाराल तर सुरुवातीला याहून चांगलं काम नाही. केंद्र सरकारचा नवभारत साक्षरता कार्यक्रम 2022 ते 2027 या काळासाठी आहे, त्याला ‘उल्लास’ म्हणतात. 15 वर्षांपुढच्या, शाळा हुकलेल्या माणसांना वाचणं, लिहिणं आणि आकडेमोड शिकवायची, तीही त्यांच्या सोयीच्या वेळी. शिकवणारे स्वयंसेवक, मानधन नाही. आठवीपासूनचे विद्यार्थीही शिकवू शकतात, म्हणजे तुम्हाला बीएड लागत नाही. शेवटी 150 गुणांची परीक्षा असते: वाचन, लेखन आणि संख्याज्ञान प्रत्येकी 50, प्रत्येकात 33 टक्के हवेत. जवळच्या जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांकडे किंवा तालुक्याच्या गटशिक्षणाधिकारी कार्यालयात जाऊन ‘उल्लासमध्ये स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवायचं आहे’ एवढं म्हणा.

एका वस्तीवर साठीच्या एका मावशींना मी काही महिने शिकवलं. पुस्तकातलं ‘कमळ’ त्यांना नको होतं. त्यांना एसटीची पाटी वाचायची होती. दर वेळी ‘बाबा, ही कुठं जाती?’ असं विचारून विचारून त्यांना वीट आला होता. मग आम्ही पाट्यांपासूनच धरलं. ‘सेलू’ एका बैठकीत आलं. ‘पाथरी’, ‘पालम’ला दोन लागल्या. ‘गंगाखेड’ने मात्र घोळ घातला, कारण ‘ख’ त्यांना ‘र’ आणि ‘व’ असे सुटे दिसायचे. ‘गंगारवेड’ वाचून त्या स्वतःच हसायच्या. ज्या दिवशी त्यांनी स्टँडवर कुणालाही न विचारता बस पकडली, त्या दिवशी घरी पोचून नातवाच्या मोबाइलवरून मला फोन केला. बोलल्या काहीच नाहीत, नुसतं ‘बसले, उतरले’ एवढंच.

लेखनिक होणं. अंध किंवा लिहू न शकणाऱ्या परीक्षार्थींना पेपर लिहायला माणूस हवा असतो आणि ऐन वेळी तो मिळत नाही. लेखनिकाचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा कमी असावं, असा सर्वसाधारण नियम आहे. दहावीच्या मुलाला नववीचा लेखनिक चालतो. म्हणून हे काम तुमच्या घरातल्या शाळकरी मुलांनाही सांगा. जादा वेळ तासाला 20 मिनिटं मिळतो, त्यामुळे तीन तासांच्या पेपराला चार तास बसायची तयारी ठेवा. सांगेल तेच लिहायचं, उत्तर चुकीचं वाटलं तरी दुरुस्त करायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं, प्रत्यक्षात जीभ चावून बसावं लागतं.

रुग्णालयात वाट दाखवणं. जिंतूर किंवा सोनपेठकडच्या खेड्यातून परभणीच्या जिल्हा रुग्णालयात आलेल्या माणसाचा अर्धा दिवस केसपेपर कुठे, रक्त कुठे तपासायचं आणि कुठला डॉक्टर कुठल्या खोलीत यातच जातो. बरोबर चालणारं एक माणूस त्याला मोठा आधार वाटतो. मात्र परस्पर जाऊन उभे राहू नका. रुग्णालयाच्या प्रमुखांच्या नावे अर्ज द्या, परवानगी आणि ओळखपत्र घ्या. औषधाबद्दल सल्ला द्यायचा नाही, ‘माझ्या मेहुण्याला याच गोळीने गुण आला’ हेही नाही.

रक्तदान. आठवड्याचे दोन तास अजिबातच नसतील तर हे करा. वय 18 ते 65, वजन किमान 45 किलो, हिमोग्लोबिन किमान 12.5. पुरुषांनी दोन वेळांत 90 दिवसांचं आणि स्त्रियांनी 120 दिवसांचं अंतर ठेवायचं. जयंत्यांच्या दिवशी शिबिरांत गर्दी होते आणि मे महिन्यात, कॉलेजं बंद असताना, पिशव्या कमी पडतात. तुम्ही मे महिना निवडा.

श्रमदान. सेलू तालुक्यातल्या वालूरची चक्राकार बारव तुम्ही पाहिली नसेल तर आधी पाहून या. पायऱ्या गोल फिरत खाली उतरतात. गाळ आणि कचऱ्याने भरलेली ही बारव गावकऱ्यांनी श्रमदानातून मोकळी केली. राज्यभर चाललेल्या बारव मोहिमेचा त्याला जोर मिळाला. आपल्या जिल्ह्यात चारठाण्यासारखी जुन्या मंदिरांची गावं आहेत. पण फावडं उचलण्याआधी ते ठिकाण पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे का, हे ग्रामपंचायतीत विचारा. असेल तर लेखी परवानगीशिवाय दगडाला हात लावू नका. रंग आणि सिमेंट तर कुठेच नको.

बाकीचे पर्याय थोडक्यात: ऊसतोडीला गेलेल्यांच्या मुलांसाठी चालणाऱ्या हंगामी वसतिगृहांत संध्याकाळचा अभ्यास घेणं, गावच्या वाचनालयात पुस्तकांची नोंद करणं, एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या बँकेच्या चकरा मारणं. पालम तालुक्यातल्या केरवाडीची ‘स्वप्नभूमी’ मुलांसाठी काम करते. तिथे जाऊन काम कसं चालतं ते पाहण्यासारखं आहे. कॉलेजात असाल तर राष्ट्रीय सेवा योजनेत नाव घाला. वर्षाला 120 तास, दोन वर्षांत 240 तास आणि सात दिवसांचं एक शिबिर पूर्ण केलं की विद्यापीठाचं प्रमाणपत्र मिळतं. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत आणि आपल्या कृषी विद्यापीठातही ही योजना आहे. 15 ते 29 वयाच्या मुलामुलींना ‘मेरा युवा भारत’च्या पोर्टलवरही नाव नोंदवता येतं.

दार ठोठावताना काय बोलाल?

‘काही काम असेल तर सांगा’ असं म्हणू नका. त्यावर ‘बघू, कळवतो’ हेच उत्तर येतं आणि त्यात समोरच्याचीही चूक नसते, त्याला आणखी एक विचार करायचं काम तुम्ही दिलेलं असतं. त्याऐवजी म्हणा, ‘सर, मी इथून दहा मिनिटांवर राहतो. दर शनिवारी आठ ते दहा येऊ शकतो. तिसरीच्या ज्या मुलांना वाचता येत नाही त्यांना घेऊन बसेन. तीन महिने येऊन बघतो, तुम्हाला उपयोग वाटला तर पुढे.’ आधार कार्डाची प्रत आणि ओळखीच्या दोन माणसांची नावं बरोबर न्या.

‘स्वयंसेवक’ म्हटलं की ‘कोणत्या पक्षाचे?’ हा प्रश्न येणारच. रागावू नका. आपल्याकडे या शब्दाला तेवढे अनुभव चिकटलेले आहेत. ‘कुणाचाच नाही’ म्हणा आणि पुढच्या शनिवारी वेळेवर जा. निवडणुकीच्या तोंडावर कुणी एकाएकी ‘सेवाकार्याला’ बोलावलं तर मात्र तोच प्रश्न तुम्ही विचारा.

संस्था खरी की नुसता फलक?

एखाद्या संस्थेबरोबर काम करणार असाल तर एवढं पाहून घ्या:

- नोंदणी क्रमांक. न्यास असेल तर 1950 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदणी हवी. धर्मादाय कार्यालयात खात्री करता येते.
- नीती आयोगाच्या ‘दर्पण’ पोर्टलवर नाव आहे का? बऱ्याच संस्थांचं असतं. मात्र तिथे नाव असणं म्हणजे कामाची हमी नव्हे.
- मागच्या वर्षीचा लेखापरीक्षित हिशेब मागितल्यावर चेहरा कसा होतो?
- काम चालू असताना अचानक जाऊन पाहता येतं का?

स्वयंसेवक होण्यासाठी ‘नोंदणी शुल्क’ मागणाऱ्या आणि फोटो, पदनाम आणि ‘जिल्हाध्यक्ष’ असं ओळखपत्र देणाऱ्या संघटनांपासून चार हात लांब राहा. पैसे देऊन मिळालेलं जिल्हाध्यक्षपद नंतर गळ्यात अडकतं.

इथे पाय घसरतो

*पैसा.* संस्थेसाठी वर्गणी स्वतःच्या फोनपेवर घेऊ नका. पावती संस्थेची, खातं संस्थेचं. ज्यांना शिकवता त्यांना उसने पैसे देऊ नका. खरी अडचण असेल तर संस्थेमार्फत मदत होऊ द्या. एकदा देणेकरी-घेणेकरी झालात की शिकवणं संपलं.

*फोटो.* काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करणं हा 2015 च्या बालन्याय कायद्याने गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. एचआयव्हीसह जगणाऱ्यांची ओळख त्यांच्या संमतीशिवाय सांगायलाही कायद्याने बंदी आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी, खिचडीचं ताट घेताना आपला फोटो निघावा असं तुम्हाला वाटेल का? स्टेटस ठेवायचाच असेल तर तुम्ही झाडून काढलेल्या अंगणाचा ठेवा.

*ओटीपी.* पीक विमा, अनुदान, ई-केवायसी, शेतकरी ओळख क्रमांक, सगळं आता मोबाइलवर आहे. अर्ज भरून देणं हे आजच्या खेड्यातलं मोठं काम आहे आणि मोठा सापळाही. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली तेव्हा लोकांनी जुने कपडे गाठोड्यांनी पाठवले. पण ज्याचं सोयाबीन पाण्यात गेलं त्याला पंचनाम्याच्या यादीत आपलं नाव आहे का, बँक खातं आधारला जोडलेलं आहे का, हे पाहून देणारा माणूस हवा असतो. ते काम जरूर करा. फक्त ओटीपी त्याच्याच हाताने टाकून घ्या आणि त्याच्या आधारचा आणि पासबुकचा फोटो काम झाल्याबरोबर त्याच्यासमोर तुमच्या फोनमधून पुसा.

*धाडस.* व्हिडिओ बघून सर्पमित्र होऊ नका. वन विभागाच्या परवानगीशिवाय साप पकडणं बेकायदा आहे आणि जिवावरचंही. वन विभागाची हेल्पलाइन 1926. पुरात उडी मारणं हेही स्वयंसेवकाचं काम नव्हे. जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाकडे नाव द्या, प्रशिक्षण कधी आहे ते विचारा आणि ते घेतल्यावरच पाण्याजवळ जा.

*एकटं मूल.* मुलांबरोबर काम करताना दार उघडं, दुसरं मोठं माणूस दिसेल असं. हे मुलाच्या सुरक्षिततेसाठी आहे आणि तुमच्याही. काही खटकलं तर 1098.

तुमचेही हक्क आहेत

‘फुकट काम करतो, मग तक्रार कशी करणार?’ असं मला एका मुलीने विचारलं होतं. उत्तर सरळ आहे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा बिनपगारी, स्वेच्छेने काम करणाऱ्या स्त्रियांनाही लागू आहे. दहा किंवा अधिक माणसं काम करत असतील तिथे अंतर्गत समिती हवी. नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं.

दुसरं, रस्त्यावरचं. नांदेड किंवा जिंतूर रस्त्यावर अपघात दिसला तर ‘पोलिसांच्या लफड्यात नको’ म्हणून गाडी पुढे काढू नका. मोटार वाहन कायद्यात 2019 साली आलेल्या 134-अ कलमाने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे. 108 ला फोन करा, जखमीला पोचवा. नाव सांगायची तुमच्यावर सक्ती नाही.

याखेरीज संस्थेकडून तीन गोष्टी निःसंकोच मागा: कामाचं स्वरूप सांगणारं पत्र, ठरला असेल तर प्रवासखर्च आणि तीन महिन्यांनंतर केलेल्या तासांचा दाखला. आणि ‘नाही’ म्हणायचा हक्क. दोन तासांचे सहा तास होऊ लागले की तो वापरा.

मन उडालं तर

चौथ्या-पाचव्या आठवड्यात उडतंच. नवलाई संपलेली असते, मुलं तीच चूक परत करतात, दारावरचा शिपाई अजून ओळख देत नाही. तेव्हा निर्णय घेऊ नका, ठरलेले तीन महिने भरा. मग थांबायचं असेल तर खुशाल थांबा. दोन आठवडे आधी सांगा, आपल्या जागी दुसरं कुणी मिळतं का ते बघा आणि मुलांना स्वतः जाऊन सांगा. रात्री झोप उडवणारं काही ऐकायला मिळालं असेल तर टेलिमानसच्या 14416 या क्रमांकावर बोला. तो फोन स्वयंसेवकांनीही करायचा असतो.

शनिवारी जिल्हा परिषदेची शाळा सकाळची असते. मुख्याध्यापक त्या दिवशी हमखास भेटतात.